नागपूरच्या उन्हाळ्यातली ती खून-कादंबरी : टाकीतल्या पाण्याचं गणित पटलं का? (रहस्यभेद आहे, जपून वाचा)

झिरोमाईल

नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, मे २०२३, एकटी राहणारी मावशी, कूलरपाशी सकाळी सहाला सापडलेला मृतदेह. एवढ्यावरून कोणती कादंबरी ते वाचलेल्यांना कळेलच. शीर्षकात नाव मुद्दाम टाकलेलं नाही, कारण नाव शोधत येणाऱ्याला पहिल्याच ओळीत खुनी कळायचा.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. आधी सगळ्यांना वाटतं कूलरचा शॉक लागला. मग कळतं की उशीने तोंड दाबून मारलं आणि नंतर हात कूलरच्या पत्र्याला लावून शॉकचा देखावा केला. देखावा खरा वाटावा म्हणून खुन्याने स्वतः बादलीने टाकीत पाणी भरलं, फरशी ओली केली, बादली पुसून ठेवली. इन्स्पेक्टरबाई पट्टीने टाकीतलं उरलेलं पाणी मोजतात, किती वाजता भरलं ते काढतात आणि भाच्याला पकडतात. भाचा साडेनऊपर्यंत वर्ध्याच्या लग्नात व्हिडिओत दिसतो, अकराच्या सुमारास नागपुरात पोचतो. गणित म्हणतं सव्वाअकरा.

मला कादंबरी आवडली. टाकीचा पुरावा तर फारच. पण आमच्या वाचनकट्ट्यावर दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतो : हा पुरावा खरंच उभा राहतो का, की लेखकाने आपल्याला गुंडाळलं?

तर्रीपोहे

पहिली दोनशे पानं एका बैठकीत. शेवटची साठ पानं ढकलत ढकलत. गणित तपासलं नाही, ऊन मात्र शंभर टक्के खरं आहे.

जुनी_पेठ

ऊन खरं, वाडा खरा, माणसं खरी. दुपारी बारा ते पाच गल्लीत चिटपाखरू नसतं, सगळ्या खिडक्यांना कूलर अडकवलेले, त्या घरघरीत शेजारच्या घरातली किंकाळीही ऐकू येणार नाही. ही गोष्ट लेखकाने कथानकात वापरली, नुसती वर्णनाला लावली नाही, याला मी पूर्ण गुण देईन.

पोलिसी भाग मात्र कच्चा. गुन्हा मे २०२३ चा आणि एफआयआरमध्ये खुनाला कलम १०३! भारतीय न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला. त्याआधी घडलेल्या खुनाला जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३०२ च लागतं, मग गुन्हा उघडकीला केव्हाही येवो. पुरावा नष्ट करण्याचंही तेच, तेव्हा २०१, आता २३८. लेखकाने लिहिताना नवं पुस्तक उघडलं आणि गोष्ट कोणत्या साली घडते ते विसरला.

काळाकोट

जुनी_पेठ यांच्याशी सहमत. त्यात भर घालतो.

सुरुवातीला शॉकचा संशय, म्हणजे आधी अकस्मात मृत्यूची नोंद होणार. आपल्याकडे ज्याला मर्ग दाखल करणं म्हणतात ते. तेव्हाच्या सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) १७४ खाली मरणोत्तर पंचनामा, मग शवविच्छेदन आणि त्यात काही निघालं तर गुन्हा. कादंबरीत पहिल्या तासातच थेट खुनाचा गुन्हा, आणि पंच कुठेच नाहीत. ज्या टाकीच्या पाण्यावर अख्खं प्रकरण उभं आहे ती उंची घटनास्थळ पंचनाम्यात दोन पंचांसमोर नोंदलीच नाही! बाईंनी मोबाइलमध्ये फोटो काढला आणि डायरीत आकडा लिहिला, बस्स. तो फोटो कोर्टात चालवायचा तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या ६५-ब चं प्रमाणपत्र लागतं, त्याचाही पत्ता नाही.

आणि शेवट. भाचा चौकशीच्या खोलीत रडत रडत सगळं कबूल करतो, बाई फाइल बंद करतात. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५. कामाला येतं ते कलम २७ : आरोपी म्हणाला 'उशीचा अभ्रा अमुक ठिकाणी फेकला, दाखवतो', आणि पंचांसमोर तो खरंच तिथून निघाला, तर तेवढंच निवेदन आणि ती जप्ती पुराव्यात येते. पुस्तकात अभ्रा शेवटपर्यंत सापडतच नाही. सत्र न्यायालयात पहिल्याच सुनावणीत हे प्रकरण लंगडं पडेल.

विदर्भी_ठेचा

काळाकोट साहेब, तुम्ही असता तर कादंबरी पान ४० वर संपली असती आणि खुनी जामिनावर बाहेर येऊन तर्री हाणत बसला असता 😄

संत्राबर्फी

कायद्याच्या चुका मला अडत नाहीत. थरार कादंबरी वाचताना कलमांचे आकडे कोण बघतं? मला खटकलं ते बाईंचं पात्र. पहिल्या प्रकरणात नवऱ्याशी वाद, आठव्यात मायग्रेन, पंधराव्यात पुन्हा वाद, आणि या कशाचाच तपासाशी संबंध नाही. वाड्यातला भाडेकरू त्याहून जिवंत आहे. बुटीबोरीत रात्रपाळी करणारा, दिवसा पडदे ओढून झोपणारा, मावशीशी विजेच्या बिलावरून धुसफुसणारा. चौथ्या प्रकरणात त्याला दोन पानं मिळतात आणि तो गायब. एवढं चांगलं पात्र असं वाया घालवतात का?

फेज_न्यूट्रल

आता विजेचं बोलू, कारण पुस्तकातला सर्वात मोठा घोळ तिथे आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे.

प्रकरण ६ मध्ये बाई म्हणतात, 'एमसीबी पडला नाही, म्हणजे शॉक लागलाच नव्हता.' साफ चूक. एमसीबी जास्तीचा भार आणि शॉर्टसर्किट यासाठी असतो. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला १६ च्या वर प्रवाह लागतो. ओल्या हाताने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर जातात. हृदयाचे ठोके बिघडायला १०० च्या आसपास पुरतात. माणूस जातो आणि एमसीबीला कळतही नाही. हे पकडतो तो आरसीसीबी. घरगुती ३० मिलिअँपिअरचा असतो, गळती तेवढी झाली की क्षणात तोडतो. महालातल्या जुन्या वाड्यात तो नसणं अगदी शक्य आहे, लेखकाने तेवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मुळात पत्रा जिवंत होतो कसा? पंपाची वायर टाकीच्या कडेवरून लोंबते. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वरचं आवरण जातं. अर्थिंग धड असेल तर फेज पत्र्याला टेकताच मोठा प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल, थ्री पिनची मोठी पिन तोडून टू पिनमध्ये कोंबलेली असेल, तर काहीच होत नाही. कूलर मजेत चालू राहतो आणि पत्रा हात लावणाऱ्याची वाट बघतो. म्हणून 'फ्यूज शाबूत' हा शॉकच्या विरोधातला पुरावा नाहीच.

दुसरी गंमत. प्रकरण ३ मध्ये मेन स्विच बंद केल्याचा उल्लेख नाही, फरशी ओली आहे आणि हवालदार कूलरला टेकून पंचाहत्तर ओळींचं स्वगत म्हणतो. त्याचं काय झालं?

विदर्भी_ठेचा

काही नाही झालं. महालातला जुना हवालदार आहे, करंटच घाबरून पळून गेला.

उन्हाळी_वाचक

फेज_न्यूट्रल, त्याचं एक उत्तर पुस्तकात आहे. प्रकरण २२ मध्ये भाचा सांगतो की मावशीच्या हातावर शॉकची खूण उमटवण्यापुरती त्याने वायर पत्र्याला लावली आणि नंतर पुन्हा वर टांगली. म्हणजे सकाळी पत्रा जिवंत नव्हता. हवालदार वाचला तो त्यामुळे.

फेज_न्यूट्रल

वाचलं. मग बाईंना सकाळी वायर पत्र्यापासून वेगळी टांगलेली दिसायला हवी होती. शॉकने मेलेल्या बाईच्या शेजारी न गळणारा कूलर, हाच पहिला धागा. टेस्ट लॅम्प लावून एका मिनिटात कळतं. पट्टीने पाणी मोजायची वेळच येत नाही.

शिशिर_ऋतू

मला एक कळत नाही. खूण मेल्यावर उमटवली की जिवंतपणी, हे डॉक्टरांना कळत नाही का? तसं असेल तर पुस्तक तिथेच संपायला हवं.

न्यायवैद्यक

शिशिर_ऋतू, उघड्या डोळ्यांनी ठामपणे सांगणं अवघड असतं. विजेची खूण म्हणजे छोटा खळगा, कडा उंचावलेल्या आणि फिकट. मृत्यूनंतर लवकर प्रवाह दिला तर तशीच खूण उमटते. भोवती लाली किंवा शरीराची प्रतिक्रिया दिसली तर जिवंतपणीची म्हणायला आधार मिळतो, न दिसली तर उलट सिद्ध होत नाही, कारण शॉकने मृत्यू इतका झटपट येऊ शकतो की प्रतिक्रियेला वेळच मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या पेशींची केंद्रकं लांबट झालेली दिसतात, पण ती भाजल्यावरही दिसतात. शिवाय ओल्या कातडीवर कधी कधी खूणच उमटत नाही. पुस्तकातले डॉक्टर 'शंभर टक्के मृत्यूनंतरची' म्हणतात, असं कोणी लिहून देणार नाही.

उशीचं मात्र उलट आहे. ओठांच्या आतल्या बाजूला दातांचे वळ, हिरडीजवळची घडी फाटणं, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके. मऊ उशी आणि अशक्त वृद्ध व्यक्ती असेल तर यातलं काहीच न मिळण्याचीही शक्यता असते. पण पुस्तकात ओठ आतून फाटलेला आहे आणि तो प्रकरण २० मध्ये 'पुन्हा बघितल्यावर' सापडतो. तोंड उघडून बघणं ही पहिल्याच तपासणीतली गोष्ट आहे.

आणखी दोन. एक, संशयास्पद मृत्यूचं शवविच्छेदन मध्यरात्री दाखवलंय. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाची मुभा मिळाली, पण खून, आत्महत्या, घातपाताचा संशय अशी प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. दोन, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, फॉर्मालिनमध्ये ठेवला म्हणतात! रासायनिक तपासणीसाठी व्हिसेरा संपृक्त मिठाच्या पाण्यात जातो : जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग, प्लीहा. रक्त वेगळं, सोडियम फ्लोराइड घालून. फॉर्मालिन लागतं ते कातडीच्या त्या तुकड्याला, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा म्हणून. व्हिसेरा फॉर्मालिनमध्ये टाकला तर प्रयोगशाळेला विष शोधणं मुश्कील होऊन बसतं.

एका गोष्टीसाठी लेखकाची पाठ थोपटतो. मृत्यूची वेळ डॉक्टरांकडून नीट निघत नाही, म्हणून तो टाकीकडे वळतो, हे बरोबर आहे. सकाळी सहाला सर्वांगाला ताठरपणा आलेला, रक्त खाली उतरून स्थिर झालेलं. मृत्यू पावणेसात तासांपूर्वीचा असो वा दहा तासांपूर्वीचा, उन्हाळ्यात दोन्ही वेळा साधारण हेच चित्र दिसेल. शरीराचं तापमान गुदद्वारातून मोजलं असतं तर थोडा आधार मिळाला असता, कारण कूलरमुळे खोली थंड होती. कूलर नसता तर तेही गेलं. बंद खोली ४० अंशांवर असेल तर मृतदेह थंड व्हायच्या ऐवजी तापतो. पुस्तकात तापमान कोणी घेतलंच नाही.

संत्राबर्फी

बापरे. आज जेवण वर्ज्य.

जुनी_पेठ

जेवणावरून आठवलं, मावशीचं पोट रिकामं होतं म्हणे. रोज साडेआठला जेवणारी बाई, सव्वाअकराला गेली तर पोटात काहीतरी हवं ना?

उन्हाळी_वाचक

संकष्टीचा उपास होता असं लिहिलंय. लेखकाने ती फट बुजवली आहे.

तर्रीपोहे

संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवतात हो! आणि साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटासकट खाल्ली तर ती दुसऱ्या दिवशीच्या पंचनाम्यापर्यंत पोटात असते.

बर्डीकर

सगळे कडेकडेने फिरून राहिले, धागाकर्त्याने विचारलेल्या गणिताला कोणीच हात लावला नाही. घ्या.

पुस्तकातले आकडे : टाकीचा तळ ९० सेंमी गुणिले ६० सेंमी. म्हणजे पाण्याची पातळी १ सेंमी उतरली की ५.४ लिटर गेलं. ओव्हरफ्लोचं भोक १५ सेंमीवर. सकाळी सहाला उरलेलं पाणी २.५ सेंमी. गेलं १२.५ सेंमी, म्हणजे ६७.५ लिटर. बाई तोच कूलर दुपारी दोन ते चार चालवून बघतात, पातळी ३.७ सेंमी उतरते, म्हणजे २० लिटर, तासाला १०. मग ६७.५ भागिले १० म्हणजे पावणेसात तास. सहातून वजा केले की सव्वाअकरा. भाचा अडकला.

भागाकार बरोबर आहे. चूक प्रयोगात आहे. खून रात्रीचा आणि प्रयोग भर दुपारी! कूलर किती पाणी पितो हे बाहेरची हवा किती तापलेली आणि किती कोरडी यावर ठरतं. मे महिन्यात दुपारी ४४ अंश, आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. अशा हवेत ताट्यांतून (कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या) जाताना तापमान १५ अंशांनी उतरतं, आणि दर किलो हवेमागे सुमारे ६ ग्रॅम पाणी उडतं. रात्री नऊला हवा ३६-३७ वर येते, पहाटे ३० वर, आणि आर्द्रता दुपटीच्या वर चढते. तीच हवा पहाटे जेमतेम ७-८ अंश उतरते, म्हणजे पाणीही निम्मंच उडतं.

तोच कूलर, तोच पंखा, दुपारी तासाला १० लिटर धरले तर रात्री असं येतं :

संध्याकाळपासून ११ पर्यंत तासाला साधारण ८
११ ते २ साधारण ७
२ ते ६ साधारण ५.५

आता सकाळी सहापासून मागे चला. २ ते ६ मध्ये २२ लिटर. ११ ते २ मध्ये २१. झाले ४३. उरले २४.५, तासाला ८ ने तीन तासांहून किंचित जास्त. म्हणजे टाकी भरली रात्री आठच्या सुमारास. भाचा त्या वेळी वर्ध्यात, व्हिडिओत, जिलेबी वाढून राहिला होता.

विदर्भी_ठेचा

अबे! भाचा निर्दोष??

संत्राबर्फी

थांबा थांबा. आठ वाजता वाड्यात कोण होतं? भाडेकरू! तो नऊला घराबाहेर पडतो बुटीबोरीच्या बसला. मी म्हटलं ना त्याला वाया घालवला!

झिरोमाईल

बर्डीकर, जबरदस्त. पण शेजारीण म्हणते साडेनऊला मावशीच्या टीव्हीचा आवाज येत होता.

काळाकोट

टीव्हीचा आवाज म्हणजे टीव्ही जिवंत असल्याचा पुरावा. मावशी नव्हे.

ताटीवाला

बर्डीकर यांच्या हिशोबात कूलरच्या एक-दोन गोष्टी धरायच्या राहिल्या.

पंखा कमी वेगावर असेल तर हवा कमी, पाणी कमी, म्हणजे भरण्याची वेळ आठच्याही मागे जाते. मध्ये पंप बंद करून नुसता पंखा ठेवला तरी तेच. क्षाराने ताट्या बुजल्या असतील तरी तेच. वेळ पुढे ओढणारं एकच : पाणी हवेत न उडता कुठेतरी गळणं. झडपांतून खोलीत शिंतोडे, टाकीला बारीक छिद्र, ताटीचा भुस्सा बाहेर आल्याने मागच्या बाजूला ओघळ. पुस्तकात मागच्या भिंतीवर ओल असल्याचं एक वाक्य आहे, प्रकरण २, अगदी सहज टाकलेलं. लेखकाने ते जाणूनबुजून टाकलं की वातावरणासाठी, कळत नाही.

शिवाय ताट्या कसल्या ते सांगितलेलं नाही. लाकडी भुश्श्याची नवी ताटी पाणी चांगलं धरते, पण हंगामाच्या शेवटी दबून खाली बसते, वर फट पडते, त्या फटीतून गरम हवा तशीच आत. वाळ्याची ताटी वासाला छान, पण तिच्यातून हवा कमी येते. मधमाशीच्या पोळ्यासारखे कागदी पॅड जास्त टिकतात आणि जास्त पाणी उडवतात. ताट्या मार्चमध्ये बदलल्या की नाही, एवढ्यावर तासाला दीड-दोन लिटरचा फरक पडू शकतो.

शिशिर_ऋतू

वाळ्याचा विषय निघाला म्हणून, पंपाला वाळा अडकू नये यासाठी काय करतात?

ताटीवाला

पंपाच्या बुडाला नायलॉनची जाळी बांधा. आणि पंप तळापासून दोन-अडीच सेंमी वर ठेवा, गाळ ओढणार नाही. पाणी त्याच्या खाली गेलं की पंप कोरडा चालतो आणि जळतो.

बर्डीकर

ताटीवाला, तुम्ही केवढी मोठी गोष्ट बोलून गेलात! सकाळी २.५ सेंमी पाणी उरलं होतं. पंप २.५ वर बसवलेला असेल तर त्या पातळीला पाणी उडणं थांबतं. मग टाकी सहाला तिथे पोचली, की चारला पोचून दोन तास तशीच पडून राहिली, हे सांगता येत नाही. तसं असेल तर भरण्याची वेळ आठच्याही बरीच मागे सरकते.

फेज_न्यूट्रल

पंप कोरडा चालला असता तर सकाळी त्याचा आवाज आणि जळका वास आला असता. पुस्तकात 'कूलरमधून गार वारा येत होता' असं स्पष्ट आहे. म्हणजे ताट्या ओल्या होत्या, पंप पाणी चढवत होता. तो मुद्दा बाद.

न्यायवैद्यक

मला एक वेगळीच शंका. पाणी कोणी भरलं? पुस्तक म्हणतं खुन्याने, कारण बादली पुसलेली. पण मावशीने आठला नेहमीसारखं भरलं आणि खुन्याने अकराला नुसती फरशी ओली करायला बादली वापरून पुसली, हेही तितकंच शक्य आहे. मग टाकीवरून एवढंच सिद्ध होतं की आठला कोणीतरी पाणी भरलं. खून त्यानंतर केव्हाही. भाचा पुन्हा आत.

काळाकोट

आणि आरोपीचा वकील म्हणेल भाडेकरूही आत. संशयाचा फायदा दोघांना. मी घरी.

उन्हाळी_वाचक

सगळे १५ सेंमी धरून चाललात. टाकी काठोकाठ भरली होती हे कशावरून? बाईंना टाकीच्या आत १५ सेंमीवर क्षाराची पांढरी रेघ दिसते, एवढाच आधार आहे. ती रेघ एका रात्रीत उमटत नाही. महिनाभर रोज भरून, सुकून, भरून ती जाड होते. मावशी एरवी कुठवर भरत असे ते रेघ सांगते, त्या रात्री कुठवर भरलं ते नाही. शॉकचा देखावा करणारा घाईतला माणूस काठापर्यंत भरत बसेल कशाला?

बर्डीकर

उन्हाळी_वाचक, एकदम बरोबर. मग उलटं गणित करू. भाचा अकराला आला असं धरू. ११ ते ६ मध्ये ४३ लिटर जातं, म्हणजे ८ सेंमी. उरलेले २.५ मिळवले की सुरुवातीची पातळी १०.५ सेंमी. १५ लिटरची एक बादली म्हणजे २.८ सेंमी. टाकीत आधीचं पावणेआठ सेंमी पाणी असेल आणि भाच्याने वर एकच बादली ओतली असेल, तर हिशोब तंतोतंत जुळतो.

म्हणजे खुनी भाचाच, फक्त बाईंनी त्याला चुकीच्या दोन गृहीतकांनी पकडलं. दुपारचा वेग रात्रीला लावला आणि टाकी पूर्ण भरलेली धरली. पहिल्या चुकीने वेळ पुढे गेली, दुसरीने मागे, आणि दोघी एकमेकींना खाऊन उत्तर जवळपास बरोबर आलं.

जुनी_पेठ

यालाच नशीब म्हणतात. किंवा मराठी प्रकाशन.

संत्राबर्फी

पण मग ही एक बादलीची गोष्ट लेखकाने स्वतः का नाही वापरली? भाचा सांगतो 'एक बादली ओतली', बाई कागदावर मांडतात, जुळत नाही, मग रेघेचा अर्थ कळतो. काय झकास शेवट झाला असता! त्याऐवजी रडारड आणि बाहेर वळवाचा पाऊस. मी तीनच तारे देणार.

तर्रीपोहे

मी अडीच. अर्धा कापला तो इन्स्पेक्टरबाईंच्या बोलण्यासाठी. महालात वाढलेली बाई घरी सदाशिव पेठेसारखं बोलते आणि डीसीपींसमोर 'काय बे'. साहेबासमोर कोणी असं बोलत नाही बाप्पा, आणि घरी आईशी असं शुद्धही कोणी बोलत नाही.

जुनी_पेठ

हो, आणि स्टेशनच्या पीआयला सगळे 'सीनियर' म्हणतात. ते मुंबईत. इकडे ठाणेदार.

शिशिर_ऋतू

भाच्याच्या मोठ्या भावाचा शिर्डीचा भाग कोणाला खटकला नाही? साडेसातला शिर्डीत हॉटेलच्या कॅमेऱ्यात आणि समृद्धी महामार्गाने साडेअकराला महालात, अशी शंका बाई घेतात.

झिरोमाईल

शिर्डी ते नागपूर समृद्धीवर ५२० किमी. वेगमर्यादा १२०. एकदाही न थांबता चार तास वीस मिनिटं, शिवाय शिवमडक्यापासून, म्हणजे समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकापासून, महालापर्यंतचं शहर वेगळं. सव्वाबाराच्या आत शक्य नाही. फास्टॅगच्या नोंदी मागवल्या असत्या तर एका पानात भाऊ सुटला असता, तिथे तीन प्रकरणं खर्च केलीत. एका ठिकाणी तो मोटरसायकलने आला असावा असाही तर्क आहे, आणि समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही.

विदर्भी_ठेचा

कमी पानांचं पुस्तक कोण घेणार भाऊ, किंमत बघा ना.

फेज_न्यूट्रल

पुस्तक बाजूला ठेवून एक काम करा. मे आहे, घराघरात कूलर लागले आहेत. पाणी भरण्याआधी बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण जुन्या घरात बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं आणि फेज तशीच कूलरमध्ये जाते. प्लग ओढून काढा. थ्री पिनची तिसरी पिन शाबूत आहे का बघा. पंपाची वायर पत्र्याच्या धारेवरून जात असेल तर तिथे रबरी नळीचा तुकडा चढवा. आरसीसीबी असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो निकामी आहे, बदला.

झिरोमाईल

मूळ प्रश्नाकडे. पुरावा उभा राहतो का? बर्डीकर आणि उन्हाळी_वाचक यांचं वाचून माझं मत असं झालं की टाकी घेणं बरोबर, प्रयोग चुकीच्या वेळी. रात्री आठ ते सकाळी सहा तोच कूलर चालवून तासातासाला पट्टी लावली असती तर अर्धं पुस्तक सावरलं असतं. मी साडेतीन तारे देतो, टाकीसाठी.

आता एकच शंका. प्रकरण २ मध्ये सकाळी बादली 'अर्धी भरलेली' आहे असं वाक्य आहे. कोणी लक्ष दिलं का?

बर्डीकर

काय? पान सांगा.

झिरोमाईल

पान ३१, वरून सातवी ओळ.

बर्डीकर

मग एक बादली नाही, अर्धीच ओतली. ७.५ लिटर, १.४ सेंमी. थांबा, परत मांडतो.

संत्राबर्फी

मांडा मांडा. तोवर पुस्तक कोणाकडे जादा असेल तर धंतोलीत आणून द्या, माझी प्रत भाच्याने नेली.

काळाकोट

कोणत्या भाच्याने?